हॅमेलियाचा पाला आणि मायांचा काढा

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातल्या एका सोसायटीच्या कुंपणाला लाल-केशरी, नळीसारख्या फुलांचं झुडूप आहे. माळीकाका त्याला हॅमेलिया म्हणतात. मोबाइलवर फिरणाऱ्या एका व्हिडिओत हेच झुडूप 'हमिंगबर्डचं झाड' आणि 'माया लोकांचं सर्व रोगांवरचं औषध' म्हणून दाखवलंय. माया म्हणजे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले मूळचे लोक. जखमा, त्वचारोग, मधुमेह, कर्करोग, काही म्हणता काही सोडलेलं नाही. विचारणाऱ्या ताईंच्या आईंना मधुमेह आहे आणि तळपायाला तीन आठवडे न भरलेली जखम आहे. काढ्यात पाय बुडवावा का, काढा पोटात द्यावा का, आणि आयुर्वेदात हे झाड कोणत्या नावाने येतं, असं त्यांनी विचारलंय.

ताई, आधी आईंचं बोलू, झाडाचं नंतर. मधुमेह असलेल्या माणसाच्या तळपायाची जखम तीन आठवडे भरत नसेल तर तिला कुठलाही पाला लावायचा नाही. हॅमेलियाचा नाही, कडुनिंबाचा नाही आणि माझ्यासारख्या वैद्याने पुडीत बांधून दिलेलाही नाही. आजच्या आज सर्जनला किंवा मधुमेहींच्या पायावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. पायात रक्त नीट पोहोचतंय का, तळव्याला स्पर्श कळतो का, जखम हाडापर्यंत गेलीय का, हे ते बघतील आणि गरज वाटली तर एक्स-रे काढतील. यातलं काहीच घरी होत नाही. जखमेभोवती लाली पसरत असेल, वास येत असेल, कड काळी पडली असेल किंवा ताप असेल तर ओपीडीची वेळ बघत बसू नका.

आणि पाय काढ्यात बुडवून ठेवायचा तर अजिबात नाही. मधुमेहात पायाची जाणीव अनेकदा बोथट झालेली असते. पाणी किती गरम आहे हे कळत नाही, पाय भाजतो आणि भाजल्याचं दुसऱ्या दिवशी फोड बघून समजतं. शिवाय भिजून भिजून कातडी पांढरी आणि मऊ पडते आणि जखम कडेने वाढत जाते. व्हिडिओतला विधी नेमका हाच आहे, म्हणून एवढं स्पष्ट लिहिलं.

आता झाड.

पहिल्यांदा ते हॅमेलियाच आहे का ते बघून घ्या, कारण आपल्याकडे लाल फुलांच्या निम्म्या झुडपांना माळी मंडळी एक्झोरा नाहीतर हॅमेलिया म्हणून मोकळी होतात. हॅमेलियाच्या फांदीवर एका पेरातून तीन किंवा चार पानं भोवताली निघतात. देठ आणि पानाच्या शिरा तांबूस असतात. फूल साधारण दोन सेंटिमीटरचं, बारीक नळीचं, आणि तोंड जेमतेम उघडलेलं. पूर्ण उमललेलं फूलही कळीच वाटतं. फळं वाटाण्याएवढी, थोडी लहानमोठी, आधी हिरवी, मग पिवळी, लाल आणि शेवटी काळी होतात, आणि एकाच घोसात हे सगळे रंग एकदम दिसतात. एक्झोराची पानं समोरासमोर असतात आणि फुलाच्या चार पाकळ्या सपाट पसरलेल्या असतात. तिसरं नाव रसेलियाचं. त्याची फुलंही लाल नळीसारखीच, पण झाड म्हणजे पानं नसल्यासारख्या हिरव्या, लोंबत्या काड्यांचा झुबका. पानं बघितली की घोळ मिटतो.

हॅमेलिया पेटन्स हे त्याचं पूर्ण नाव. कॉफी, कदंब, मंजिष्ठा, गेळा, बारतोंडी आणि वर आलेला एक्झोरा हे सगळे त्याचे भाऊबंद. फ्लोरिडापासून मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटं आणि खाली थेट अर्जेंटिनापर्यंत हे रानात आपोआप वाढतं. दाट जंगलात नाही, तर रानाच्या कडेला, झाडं तोडलेल्या जागी, वाटेच्या कडेला, पडीक शेतात. कुंपणावर, छाटून तीन-चार फुटांवर ठेवलेलं आपण बघतो, पण मोकळं सोडलं तर ते सहज दोन माणसं उंच होतं. व्हिएन्नाच्या शॉनब्रुन राजवाड्याच्या बागेसाठी निकोलाउस फॉन जॅक्विन हा तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ १७५५ ते १७५९ या काळात वेस्ट इंडीजमध्ये झाडं गोळा करत फिरत होता. परतल्यावर १७६० मध्ये त्याने या झाडाचं शास्त्रीय नामकरण केलं. नाव दिलं ते द्युआमेल द्यु मोंसो या फ्रेंच विद्वानाच्या सन्मानार्थ. तिथल्या लोकांकडे या झाडाला नावं होतीच. युकातान आणि बेलीझच्या मायांचं 'इश कानान', एल साल्वादोर आणि होंडुरासमधलं 'चिचिपिन्से', कोलंबियातलं 'कोरालियो', क्यूबातलं 'पोनासी'. गावोगावी वेगळं नाव असलेलं झाड लोकांच्या रोजच्या हाताळणीतलं असतं, हा माझा अनुभव आपल्याकडच्या वनस्पतींबाबतही आहे.

व्हिडिओवाल्याने मायांचं नाव घेतलंय ते खोटं नाही. खोटं आहे ते 'सर्व रोगांवर'. मध्य अमेरिकेत या झाडाचा वापर कसा होतो ते जरा नीट सांगतो, कारण त्यातच तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आहे.

बेलीझच्या पश्चिमेला, कायो जिल्ह्यात सॅन अँतोनियो नावाचं माया गाव आहे. तिथले डॉन एलिहियो पान्ती हे गेल्या शतकातले सर्वांत नावाजलेले माया वैद्य. १९९६ मध्ये ते वारले तेव्हा त्यांनी वयाची शंभरी ओलांडलेली होती. १९८८ पासून न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनच्या संशोधकांनी बेलीझमधल्या वैद्यांबरोबर बसून तिथल्या औषधी झाडांची पद्धतशीर नोंद करायला घेतली. पान्तींच्या नावाने आता तिथे एक राष्ट्रीय उद्यानही आहे. त्या परंपरेत इश कानान हे मुख्यतः कातडीचं औषध आहे. पानं, कोवळ्या काड्या आणि फुलं ओंजळभर घ्यायची, भांडंभर पाण्यात दहाएक मिनिटं उकळायची, पाणी पूर्ण निवू द्यायचं, गाळायचं आणि त्याने अंग धुवायचं. खाज, पुरळ, गांधी, किडा चावलेला, ओरखडा, चिघळलेलं खरूज, किरकोळ भाजलेलं, यांवर. एल साल्वादोर आणि होंडुरासमध्येही हीच पद्धत: चिचिपिन्सेच्या पाण्याने जखम धुवायची. कुठे ताजी पानं ठेचून चावलेल्या जागी लावतात.

पोटात घेण्याचा वापर आहे, पण तो मर्यादित. मासिक पाळीच्या वेदनांवर आणि जुलाबांवर पाल्याचा चहा देतात. फळं मुलं येताजाता तोडून खातात, आणि मेक्सिकोत काही ठिकाणी त्यांचं सरबत आणि आंबवलेलं पेयही करतात. चव म्हणाल तर आंबटगोड, बियांनी भरलेली, आणि जिभेवर थोडा तुरटपणा राहतो. करवंदं खाल्लेल्या माणसाला त्यात फारसं काही वाटणार नाही.

मेक्सिकोच्या वास्तेका भागात सर्पदंशावरही हे झाड वापरायची चाल आहे. ही माहिती व्हिडिओत मोठ्या अक्षरांत आहे म्हणून इथे थांबून सांगतो: फुरसं, घोणस, नाग, मण्यार यांच्या दंशावर प्रतिविष सोडून दुसरं औषध नाही, आणि ते सरकारी दवाखान्यात मिळतं. पाला शोधण्यात गेलेली दहा मिनिटंसुद्धा जास्त आहेत.

आणखी एक गोष्ट व्हिडिओतून पूर्ण गळलीय. पान्तींसारखा माया वैद्य नुसतं झाड देत नसे. रोग्याची नाडी बघणं, दुखणं अंगाचं आहे की मनाचं हे ठरवणं, झाड तोडण्याआधी त्याची प्रार्थना करणं, अंग धुताना मंत्र म्हणणं, हे सगळं मिळून तो उपचार होता. आपल्याला प्रार्थनेचं काय करायचंय ते आपण ठरवू, पण निदान करणारा माणूस मध्ये होता हे विसरून चालत नाही. कुठल्या जखमेला हा काढा आणि कुठल्या जखमेला नाही, हे तो बघून ठरवत असे. व्हिडिओ जखम बघू शकत नाही.

आता हा पाला काही काम करतो का? करत असावा, असं माझं मत आहे, आणि त्याला कारण आहे. पानाखोडात टॅनिन आहे. तुरट चव येते ती त्यामुळेच. टॅनिन पाझरणाऱ्या कातडीवरच्या प्रथिनांना धरतं, वरचा थर आकसतो, पाझर कमी होतो, खाज थोडी शमते. बाभळीच्या सालीचा किंवा त्रिफळ्याचा काढा जखम धुवायला वापरतात त्यामागेही हेच आहे, म्हणजे मायांनी आणि आपल्या वैद्यांनी वेगवेगळ्या झाडांतून एकच गुण हेरलाय. टॅनिनखेरीज हॅमेलियात ऑक्सिंडोल गटातले अल्कलॉइड, म्हणजे शरीरावर परिणाम करू शकणारी वनस्पतींतली द्रव्यं, आहेत, टेरोपोडीन, आयसोटेरोपोडीन वगैरे. दक्षिण अमेरिकेतल्या 'उन्या दे गातो' या प्रसिद्ध औषधी वेलीत हेच सापडतात, आणि आपल्या रानातल्या कळंबातही याच गटातले अल्कलॉइड आहेत. कूळ एक असल्यावर असं व्हायचंच.

प्रयोगही झाले आहेत. एल साल्वादोरमधून आणलेल्या पाल्याचा अर्क व्हॅसलीनसारख्या मलमात मिसळून उंदरांच्या पाठीवरच्या चिरेला लावून बघितला, तो निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. चीर भरल्यावर ती जागा ताणून फाटायला किती जोर लागतो हे मोजलं. ५ टक्के अर्काने काही फरक दिसला नाही. १० टक्के अर्काने जखम जास्त घट्ट जुळून आली. मला हा प्रयोग आवडतो, कारण तो लोकांचा दावा जसाच्या तसा तपासतो आणि मात्रेचा मुद्दा पुढे आणतो. पण लक्षात घ्या, तो धारदार पात्याने केलेल्या स्वच्छ चिरेवर, निरोगी, तरुण उंदरांवर झालेला आहे. मधुमेही माणसाच्या तळव्यावरच्या, रोज वजन पेलणाऱ्या, रक्तपुरवठा कमी असलेल्या जखमेबद्दल तो काहीही सांगत नाही. मधुमेह आणि कर्करोगाचे दावे तर काचेच्या बशीतल्या पेशींवर नाहीतर उंदरांवर अर्क घालून बघितलेल्या प्रयोगांवरून उचललेले आहेत. बशीतल्या पेशी मारणारे अर्क शेकड्यांनी सापडतात. आपल्या परसातल्या कितीतरी झाडांचे तसे निष्कर्ष छापून आलेत. त्यातून औषध क्वचित निघतं.

म्हणून पोटात घेण्याबद्दल माझं उत्तर 'नको' असं आहे. आई मधुमेहाच्या गोळ्या घेत असणार, कदाचित रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ करण्याच्याही. त्यांच्याबरोबर हे अल्कलॉइड काय करतील याचा अंदाज बांधून मी कुणाला औषध देणार नाही. गरोदर बाईने तर मुळीच घेऊ नये. जे झाड पाळीच्या दुखण्यावर देतात त्याचा गर्भाशयावर परिणाम असू शकतो हे गृहीत धरूनच चालावं. अंगावर पाजणाऱ्या आईने आणि लहान मुलांनीही नको.

बाहेरून? निरोगी मोठ्या माणसाला डास-मुंग्या चावून खाज सुटली असेल, घरच्याच, औषध न फवारलेल्या झाडाचा पाला असेल आणि हौसच असेल, तर निवलेल्या काढ्याने ती जागा धुवायला मी हरकत घेणार नाही. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस बघा, लाली-पुरळ आलं तर तिथेच सोडून द्या. डोळ्याजवळ, उघड्या खोल जखमेवर, मोठ्या भाजण्यावर नको. काढा रोजचा रोज करायचा, उरलेला टाकायचा. टॅनिन असलं तरी शिळ्या काढ्यात जंतू आनंदाने वाढतात. आणि रस्त्याच्या दुभाजकावरचा पाला कुणीही, कशासाठीही तोडू नये. त्यावर डिझेलची काजळी, टायरची धूळ आणि पालिकेच्या टँकरमधलं कुठलं पाणी असतं ते विचारू नका. तुमच्या सोसायटीच्या कुंपणावरही कीटकनाशक मारत असतील, ते माळीकाकांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

मी स्वतः माझ्या रुग्णांना हे झाड देत नाही. त्यात अपमान काही नाही. जे काम ते करतं ते करायला माझ्याकडे त्रिफळा आहे, ज्याची मात्रा, ज्याचे उपद्रव आणि ज्याच्या सीमा मला माहीत आहेत.

आता तुमचा तिसरा प्रश्न, आयुर्वेदातलं नाव. नाही. कुठल्याही निघंटूत, म्हणजे आयुर्वेदातल्या औषधींच्या कोशात, हे झाड नाही आणि असणार नाही, कारण ते अमेरिकेतलं आहे आणि आपल्याकडे बागेची शोभा म्हणून आलं. कुणी तुम्हाला संस्कृत नाव सांगितलं तर ते कालपरवा बनवलेलं समजा. काही विक्रेते आजकाल परदेशी झाडांना 'रक्त' आणि 'पुष्पी' जोडून नाव देतात आणि चूर्णाच्या डब्या विकतात. रस, वीर्य, विपाक, म्हणजे चव, शक्ती आणि पचनानंतरचा परिणाम, कुणी अभ्यासलाय म्हणून विचारलं की गप्प.

परदेशी झाड आयुर्वेदात येऊच शकत नाही असं मात्र नाही. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात फिरंग रोग आहे, म्हणजे पोर्तुगीजांबरोबर आलेला उपदंश, आणि त्यावर चोपचिनी आहे. चोपचिनी चीनकडची. नवा रोग आला, त्याच्याबरोबर व्यापाऱ्यांच्या वाटेने नवं औषध आलं, वैद्यांनी वापरून बघितलं आणि ग्रंथात घेतलं. म्हणजे दार उघडं होतं, पण आत यायला वापराची साक्ष लागत होती.

आणि ग्रंथाचं सोडा, आपल्या बांधावरची एकदांडी बघा. दगडी पाला, कंबरमोडी, काहीही म्हणा. गावाकडे वाढलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, विळा लागला, गुडघा फुटला की त्याचा पाला चुरगाळून रस पिळला जातो. हे तण मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं, म्हणजे हॅमेलियाच्याच गावचं. कोकणात कापल्यावर रानमोडीचा पाला लावतात, तीही अमेरिकेतलीच. ही झाडं न बोलावता आली, शेताबांधावर पसरली, पोरांच्या आणि गुराख्यांच्या हाताशी राहिली, आणि दोन-चार पिढ्यांत लोकांनी त्यांचा गुण-अवगुण स्वतः शोधून काढला. हॅमेलिया रोपवाटिकेतून आलं, गेटच्या आत लागलं, माळ्याच्या कात्रीखाली राहिलं. त्याला इथल्या माणसांनी औषध म्हणून कधी हात लावलाच नाही. पन्नास वर्षांनी कदाचित लावतील. आज त्याबद्दलचं ज्ञान मध्य अमेरिकेतल्या लोकांचं आहे आणि ते त्यांच्या नावाने, त्यांच्या मर्यादांसह सांगायला हवं.

आता पक्ष्यांकडे. तुम्ही पत्रात सहज लिहिलंय की 'आमच्या हॅमेलियावर हमिंगबर्ड येतात'. ते शिंजीर, म्हणजे सनबर्ड आहेत, ताई. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आहेत, साडेतीनशेच्या वर जाती, आणि भारतात एकही नाही. गंमत अशी की जर्मनीत सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीचे हमिंगबर्डसारख्या पक्ष्यांचे जीवाश्म सापडले आहेत, म्हणजे कधीकाळी ते जुन्या जगातही होते. पण आज नाहीत. पुण्यात 'हमिंगबर्ड बघितला' म्हणणारी माणसं एक तर शिंजीर बघतात नाहीतर हॉक मॉथ नावाचा पतंग, जो फुलासमोर हवेत थांबून लांब सोंडेने मध पितो आणि भल्याभल्यांना फसवतो.

हॅमेलियाचं फूल हमिंगबर्डच्या मापाचं आहे. लाल रंग मधमाश्यांना फारसा उठून दिसत नाही, पक्ष्यांना दिसतो. वास जवळजवळ नाही, कारण पक्ष्याला त्याची गरज नाही. नळी चोच जाईल एवढीच. बसायला पाकळीचा ओटा नाही, कारण हमिंगबर्ड हवेत थांबून पितो. एक फूल एकच दिवस टिकतं, पण झुडपावर रोज नवी फुलं येतात, म्हणून रोज तिथे येणं पक्ष्याला परवडतं. मध्य अमेरिकेत तांबड्या शेपटीचा एक हमिंगबर्ड अख्खं झुडूप आपलं म्हणून राखतो आणि दुसऱ्याला फिरकू देत नाही. कोस्टा रिकाच्या मोंतेव्हेर्दे परिसरात १९७० च्या दशकापासून या झुडपावर आणि त्याच्या गिऱ्हाइकांवर बारकाईने काम झालंय.

या सगळ्यात मला सर्वांत नवल वाटतं ते कोळीकिड्यांचं. हॅमेलियाच्या फुलात डोळ्याला जेमतेम दिसतील असे बारीक माइट राहतात, मध आणि पराग खातात. फूल संध्याकाळी गळणार, मग पुढच्या झाडावर जायचं कसं? हमिंगबर्डची चोच फुलात आली की ते तिच्यावरून पळत जाऊन त्याच्या नाकपुडीत शिरतात आणि पुढच्या हॅमेलियावर उतरतात. चुकीच्या झाडावर उतरत नाहीत, वासावरून ओळखतात. हे किडे फुलातला ४० टक्क्यांपर्यंत मध फस्त करतात असं १९९५ मध्ये मोजून दाखवलं गेलं. म्हणजे झाड पक्ष्यासाठी जो मध काढतं त्यातला मोठा वाटा या फुकट्या प्रवाशांच्या पोटात जातो.

आपल्याकडे हे सगळं नाटक नाही. जांभळा शिंजीर आणि जांभळ्या पाठीचा शिंजीर येतात, फांदीला धरून, कधी उलटे लटकून मध पितात. हॅमेलियाचे तुरे फांद्यांच्या टोकाशी असले तरी खाली धरायला काडी मिळते, म्हणून त्यांचं जमतं. मोठा काळा भुंगा मात्र नळीच्या तोंडातून आत जाऊ शकत नाही. तो बुडाशी भोक पाडून मध चोरतो आणि त्या भोकातून मग मुंग्याही. बुलबुल काळी फळं खातात आणि बी टाकत फिरतात. म्हणून रानाला लागून घर किंवा फार्महाउस असेल तर मी हॅमेलिया लावायला सांगत नाही. शहरात खुशाल लावा.

सोसायटीसाठी दोन गोष्टी सांगतो. हॅमेलियाला फुलं नव्या फुटव्याच्या टोकाला येतात. दर पंधरा दिवसांनी कात्रीने विटेसारखं चौकोनी कापलं तर फुलं येणार नाहीत, आणि मग माळी म्हणणार झाडच बेकार. वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि दिवाळीनंतर, छाटणी करा आणि मधल्या काळात मोकळं सोडा. छाटणीतल्या पेन्सिलएवढ्या जाड काड्या पावसाळ्यात मातीत खोचल्या तर सहज मुळं धरतात, रोपं विकत घ्यायला नकोत. ऊन भरपूर हवं. काळ्या मातीत पाणी साचत असेल तर वाफा उंच करा. आणि पिठ्या ढेकूण किंवा मावा दिसला तर इमिडाक्लोप्रिडसारखं झाडात मुरणारं कीटकनाशक मारू नका, ते मधातही उतरतं आणि शिंजीर तोच मध पिल्लांना भरवणाऱ्या चोचीने पितात. साबणाचं पाणी किंवा निंबोळी अर्क पुरतो. नर्सरीत मिळणारा 'ड्वार्फ' हॅमेलिया हा गुळगुळीत पानांचा आणि पिवळसर फुलांचा वेगळा प्रकार आहे. कुंड्यांना तो बरा, पक्ष्यांसाठी मी लवदार पानांचा मोठा पसंत करतो.

आणि लाल फुलांचं, पक्ष्यांचं आणि खरोखर औषधी झुडूप लावायचं मनात असेल, तर सह्याद्रीतली धायटी लावा. निघंटूतली धातकी ती हीच. डाळिंब, मेंदी, तामण यांच्या कुळातली. जानेवारी ते एप्रिल उघड्या डोंगरउतारांवर फांद्याफांद्यांना लालभडक फुलं लगडतात आणि शिंजीर तिच्यावरून हलत नाहीत. दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट आणि असे कितीतरी आसव-अरिष्ट आंबवायला तिचीच वाळलेली फुलं घालतात, कारण त्यांच्यावर आंबवणारं यीस्ट असतं. बी फार बारीक असतं, उगवायला चिवट. देशी झाडांच्या रोपवाटिकेतून रोप आणलेलं बरं. मुरमाड, निचऱ्याची जागा निवडा, जुलैत लावा, पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात पाणी द्या, नंतर तिला कुणाची गरज नाही. मात्र डोंगरावरून ओरबाडून आणू नका आणि फुलं तोडून घरी आसव घालायलाही बसू नका. ते तयार, परवाना असलेल्या औषधशाळेचं घ्या, तेही वैद्यांना विचारून. आसव-अरिष्टांत गूळसाखर असते, तेव्हा आईंसाठी तर नकोच.